सहाशे बारा कार्डे आणि आबांचा हट्ट

मी, निशिगंधा आकाराम तिवले, वय वर्षे सव्वीस, शिक्षण एम. ए. (मराठी), व्यवसाय तासिका तत्त्वावर प्राध्यापक, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून घरातल्या सर्वांनी आणला आणि तो मी जुमानलेला नाही. वकील वर्षाराणी मगदूम यांनी "सव्विसाव्या वर्षी कशाला गं?" असे दोनदा विचारले. त्याचे उत्तर पहिल्या कलमात आहे.

१. कारण. माझे वडील आकाराम (यापुढे 'आबा') यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून गेले चौदा महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आईला शुगर आहे. धाकटा भाऊ ऋतुराज याला मूतखडे आहेत. माझी तपासणी झाली आणि सगळे जुळले. डॉक्टर तयार आहेत, मी तयार आहे, आबा तयार नाहीत. रविवारी जेवताना मी पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "निशे, आपरेशन म्हंजे कॉलेजचं गॅदरिंग वाटलं व्हय तुला? जा, आधी मृत्युपत्र करून आण. मग बघू." मी घाबरेन असे त्यांना वाटले. मी हात धुतला आणि वकिलांचा नंबर शोधला. हे शब्द आई व ऋतुराज यांच्यासमोर उच्चारलेले आहेत, याची येथे नोंद करते.

२. स्थावर. माझ्या नावावर घर, जमीन, गाळा काहीही नाही. माळ्यावरचा अभ्यासाचा कोपरा माझा समजला जातो. तो ऋतुराजला द्यावा. तिथे त्याने फुटबॉलचे ओले बूट वाळत घालू नयेत. तो घालणारच आहे, पण लिहून ठेवल्याचे समाधान.

३. जंगम. स्कूटी ऋतुराजला. मॅच जिंकल्यावर तिचा सायलेन्सर काढून पेठेतून फिरायचे नाही. बँकेत जे असेल ते आईला. कॉलेजचे मानधन कधीतरी एकदम येते. ते आले तर तेही आईला. त्यातून तिने कोणाचे औषध, कोणाचे पथ्य न आणता स्वतःला चांगली चप्पल घ्यावी.

माझा पदवीदानाचा फोटो आबांच्या टेलरिंगच्या दुकानात आहे, तो तिथेच राहावा. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पँटची उंची कमी करायला आलेल्या माणसालाही आबा आधी फोटो दाखवतात, मग टेप काढतात.

४. चुलते अमरसिंह. काका दोन वर्षांपूर्वी बारशाच्या पंगतीत मोठ्याने म्हणाले होते, "पोरगी एवढी शिकली आणि शब्द मोजत बसलीया. शब्द काय किलोवर जात्यात?" माझ्याकडचा सर्वांत जाड शब्दकोश त्यांना द्यावा. त्यांनी तो वजन करून पाहावा.

५. कार्डे. ही माझी खरी मिळकत. चार वर्षे मी पीएच.डी.साठी 'ईर्षा' या एका शब्दाचा इतिहास आणि अर्थ शोधते आहे. हा शब्द कोणी, कुठे, कशाबद्दल वापरला, ते एकेका कार्डावर लिहिलेले आहे. अशी सहाशे बारा कार्डे बुटांच्या पाच खोक्यांत आहेत. संस्कृतातून आला तेव्हा हा शब्द मत्सर घेऊन आला. मी पाहिलेल्या बहुतेक कोशांत अजूनही मत्सर पुढच्या रांगेत बसतो. पण आमच्या पेठेत मॅचच्या आदल्या दिवशी "उद्या ईर्षा हाय" म्हणतात, तेव्हा कोणाचे तोंड कडू झालेले दिसत नाही. हा फरक कधी आणि कसा पडला, याचा मी माग काढत होते. जुन्या कुस्तीच्या एका हँडबिलात 'ईर्षेची कुस्ती' सापडली, त्या दिवशी मी आनंदाने दोन कप चहा प्याले. चिमणाबाई आत्याला अर्थ विचारला तर ती म्हणाली, "शेजारणीनं दारात सडा घातला की आपण रांगोळीबी काढायची. ह्यात इचारायचं काय असतंय गं?" कार्ड क्रमांक अडतीस.

माझ्या मार्गदर्शक मॅडमचे म्हणणे असे की पेठेतल्या गप्पा म्हणजे पुरावा नव्हे. ते मला मान्य होते. मग डिसेंबर आला.

आबा तरुणपणी पेठेतल्या आमच्या वरच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. त्यांना किडनी हवी आहे हे कळताच तालमीचे अध्यक्ष ज्ञानू तात्या एक्केचाळीस पोरांची यादी घेऊन घरी आले. प्रत्येक पोरगा किडनी द्यायला तयार. यादी जर्सीच्या मापांच्या वहीत होती, त्यामुळे नावापुढे रक्तगटाऐवजी 'एल', 'एक्सएल' असे लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी खालच्या तालमीचा राजवीर दारात उभा.

"त्यांची किती नावं?"

"एक्केचाळीस," ऋतुराज म्हणाला.

"आमची त्रेसष्ट लिवा."

आई म्हणाली, "अरे, पण तुमचं नि ह्यांचं कधी पटलं?"

"काकी, पटायचा काय संबंध? ते एक्केचाळीसवर असताना आम्ही काय गप बसू?"

संध्याकाळपर्यंत वरची तालीम सत्तरवर गेली. त्यात एक आजोबा त्र्याहत्तर वर्षांचे होते. दोन्ही याद्या आणि दोन्ही तालमी एकदमच दवाखान्यात पोचल्या. तिथल्या मॅडमनी शांतपणे सांगितले की किडनी जवळच्या नातेवाइकाची लागते, अशी गावाची घेता येत नाही.

राजवीर म्हणाला, "मॅडम, ईस वर्षं मैदानाच्या कडंला हुबं राहून शिव्या दिल्यात आम्ही त्यास्नी. एवढं जवळचं आणि कोण असतंय?"

ते वाक्य मी तिथेच, डायलिसिसच्या पावतीमागे उतरवून घेतले. माझ्या प्रबंधातली व्याख्या त्या दिवशी पक्की झाली: ईर्षा म्हणजे समोरच्यापेक्षा आपण कमी पडू नये ही ओढ, तिला समोरचा उभाच लागतो, तो आडवा झालेला चालत नाही. मार्गदर्शक मॅडमना ही व्याख्या पटली नाही, तर त्यांनी माझ्या मागे वाद चालू ठेवावा. सर्व कार्डे मराठी विभागाला द्यावीत. ती रद्दीत घालू नयेत आणि खोकी गणपतीच्या आराशीला काढू नयेत.

६. एक तक्रार. ही मी चेष्टेत लिहीत नाही. मूतखडे कळण्याआधी आबा ऋतुराजची किडनी घ्यायला तयार होते. माझी म्हटल्यावर म्हणाले, "पोरीचं घिऊन जगू व्हय? उद्या तुझ्या सासरच्यांनी इचारलं तर?" ज्या सासरचा अजून पत्ता नाही, त्यांचे मत आबांनी विचारात घेतले, माझे घेतले नाही. बारावीनंतर माझ्या प्रवेशासाठी हेच आबा दुकान बंद ठेवून पाच तास रांगेत उभे होते. तेव्हा मागचा माणूस म्हणाला, "पोरीसाठी एवढं?" आबांनी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. त्या रांगेतल्या आबांना माझी किडनी चालली असती. आताच्या आबांनी त्यांना विचारून पाहावे.

७. जे देता येत नाही ते. डाव्या बाजूची किडनी आबांना, असे सरळ कलम मला घालायचे होते. वर्षाराणीताईंनी ते खोडले. शरीर ही मिळकत नव्हे, ती अशी वाटून देता येत नाही, असे त्या म्हणाल्या. म्हणजे स्कूटी, शब्दकोश, कार्डे, सगळे मी मेल्यावर देऊ शकते. हे एकच मला जिवंतपणी द्यायचे आहे, आणि त्याला माझी एकटीची सही पुरत नाही.

आबा, तुम्ही सांगितलेला कागद मी आणला आहे. डॉक्टर म्हणतात, मी चार-पाच दिवसांत घरी येईन आणि पुढच्या सत्राला वर्गावर उभी राहीन. प्रबंधाची दोन प्रकरणे लिहायची राहिली आहेत आणि ती मीच लिहिणार आहे. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याची घाई कोणी करू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्या देखत खाली सही केली.

सही: निशिगंधा आकाराम तिवले

साक्षीदार:
१. बसाप्पा शिवलिंग हुक्केरी, किराणा दुकानदार, मूळ गाव कुरुंदवाड
२. ॲड. वर्षाराणी अमरेश मगदूम

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५

(खाली, कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने, वेगळ्या अक्षरात)

दोनदा वाचलं. कलम सहा खरं हाय, बोललोतो तसं. चुकलं माझं. हितं सही करत न्हाय. दवाखान्यातल्या कागदावर करतो. सकाळी धा वाजता तयार ऱ्हा.
आकाराम