बेल्ट बदलून घेतला

रविवार, १२ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद, आणि बाकी नेहमीचं सगळं. तुझं जहाज पुढच्या बंदराला लागेल तोवर हे पत्र तुमच्या कंपनीच्या तिथल्या ऑफिसात पोचलेलं असेल. फोनवर तू हसवतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

बाबा बरे आहेत. उजवा हात आता खांद्यापर्यंत जातो. व्यायाम घेणाऱ्या बाई खूश आहेत. आमच्या एक्स-रे विभागात नवं मशीन आलंय, जुन्यापेक्षा जास्त कुरकुरतं. स्वयंपाकघरातला नळ मीच दुरुस्त केला.

गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून घेतला.

एवढंच लिहून पुढे जाणार होते, पण जमत नाहीये.

बाबांना व्यायामाला रोज मीच नेते, हे तुला माहीत आहे. शेजारी बसून ते माझी परीक्षा घेतात. "धाकटी क्लच असा सोडत नाही." "धाकटीला नुसत्या आवाजावरून कळलं असतं." एकदा सिग्नलला मी म्हटलं, "मग तिलाच बोलवा चालवायला." तर म्हणाले, "ती आली तर फार बरं होईल गं." टोमणा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की ठरावीक किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, यातलं जे आधी भरेल तेव्हा बेल्ट बदलायचा. आपली गाडी फिरते किती, व्यायामाला आणि बाजारात. किलोमीटर भरले नव्हते, वर्षं मात्र केव्हाच उलटली होती. बदलून घेऊ या असं मी म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: "धाकटीला विचारलंय. ती म्हणाली, थांबा, मी आल्यावर बघते."

तू म्हणालीस म्हटल्यावर विषय संपला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी गप्प बसले.

मंगळवारी मात्र सुट्टी टाकली आणि बाबांना न सांगता गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाल्याने इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, बेल्ट बोटाने वाकवला आणि मला जवळ बोलावलं. रबराला आडव्या भेगा होत्या. एका जागी दात झिजून गेले होते.

"काही आवाज नव्हता हो येत," मी म्हटलं.

"हा आवाज नाही करत. सरळ तुटतो. मग आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि डिझेलच्या गाडीला ते फार महागात पडतं. चालत्या रस्त्यात बंद पडली असती. इतके दिवस थांबायला कोणी सांगितलं?"

"घरात एक इंजिनियर आहे, जहाजावरची," मी म्हटलं.

तो हसला, आणि मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू. तू चुकली होतीस. बेल्ट ताणून धरणारी पुली आणि पाण्याचा पंपही त्याने बदलला. तो काम करत होता तेवढा वेळ मी बाकावर बसून बाबांसमोर काय बोलायचं ते मनात घोळवत होते. जुना बेल्ट पिशवीत घालून मागून घेतला.

घरी आल्यावर तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चांगल्या हाताने चाचपला. भेगा बघितल्या.

मी म्हटलं, "बघा तुमच्या लाडकीचा सल्ला."

त्यांनी तो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तिने तसं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, आजच्या आज बदला, ताईला तोवर गाडी चालवू देऊ नका."

"मग?"

"बदलून टाकला असता, तर ती कशासाठी येणार होती? दुसरं काय काम आहे माझ्याकडे तिच्यासाठी?"

धाकटे, त्या गाडीत रोज मी बसत होते. तेही बसत होते म्हणा. पण तू यावीस म्हणून त्यांनी आम्हा दोघांचा जीव त्या झिजलेल्या रबरावर टांगून ठेवला.

मी विचारलं, "आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी बदलून आणला असतास," ते म्हणाले. ते कौतुक होतं, बहुतेक. मी आत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

तुझी काही चूक नाही. उलट तू माझी काळजी केलीस, तीही माझ्यापर्यंत पोचली नाही. तरी राग तुझाच येतो. माझ्यासाठी कोणी कधी एखादं काम अडवून ठेवणार नाही, मी घरातच असते ना. तुझा हेवा वाटतो, लहानपणी वाटायचा त्याहून जास्त.

मंगळवारपासून बाबा गाडीत गप्प असतात. क्लचबद्दलही बोलत नाहीत. तेही बघवत नाही मला.

गाडीचं काही काम आता शिल्लक नाही. तरी ये. त्यांना सांग की सहजच आले. हे मी मनापासून लिहीत नाहीये, पण लिहितेय.

स्टेशनवर न्यायला मीच येईन.

तुझी,
ताई