धोटा अडकू नये म्हणून

मी, सोनिका मार्तंड धकाते, वय चोवीस, राहणार गोळीबार चौक, नागपूर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबाव आला होता, तो हे लिहू नये म्हणून. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली नाही. पण रविवारी माझे काका, गणपतराव धकाते, माझ्या खाटेशेजारी बसून आईला म्हणाले, "वहिनी, पोरीचं काही कमी-जास्त झालंच, तं ते कॉम्प्युटर आपल्या हर्षितले कामी येईन." हर्षित त्यांचा मुलगा. मी जागी होते. म्हणून हा कागद.

१. घर माझी आई रंभाबाई हिच्या नावावर आहे, त्याबद्दल मी काही लिहायची गरज नाही. स्कूटर मैत्रीण रितिका हिला द्यावी. मागचा ब्रेक लागत नाही, हे तिला माहीत आहे. माझे डोळे दान करावेत. पदवीचं प्रमाणपत्र हार घालून भिंतीवर टांगू नये. घरात पदवी घेणारी मी पहिली, पण शेवटची व्हायची माझी इच्छा नाही. ते हर्षितची बहीण गार्गी हिच्या हातात द्यावं. बारावीनंतर तिला घरी बसवायचं बोलणं चालू आहे. तिनं बसू नये.

२. कॉम्प्युटर, त्याच्या पोटातल्या सर्व भागांसह, फक्त आईचा. हर्षितचा नाही, काकांचा नाही. कारण सविस्तर लिहिते, नाही तर उद्या म्हणाल की आजारी पोरीला भलतं सुचलं.

आईबाबा हातमागावर करवती किनारीची लुगडी विणायचे. बाबा गेल्यावर आई उमरेडला मावशीकडे होती, तेवढ्यात काकांनी माग विकला आणि त्याखालचा पाय सोडायचा खड्डा सिमेंटनं बुजवून टाकला. आईला कोणी विचारलं नाही. नोकरी लागल्यावर मी त्याच जागेवर टेबल मांडून कॉम्प्युटर ठेवला. त्यावर मी गाव वसवायचा एक परदेशी खेळ खेळायचे. अशा खेळात आपल्याला हवी ती भर घालता येते, तिला मॉड म्हणतात. मी आमचा मोहल्ला घातला, पळसाची झाडं, उमरेडची एसटी, आणि शेवटी माऊसनं चालवायचा एक हातमाग. आवाज मावशीच्या मागाचा, मोबाईलवर घेतलेला. तो ऐकून आई स्वयंपाक सोडून आली. "सरक वं," म्हणाली आणि माऊस हातात घेतला. तेव्हापासून तो खेळ तिचा आहे.

पण इतकी भर घातल्यावर जुन्या मशीनला ती झेपेना. चित्र थांबत थांबत पुढे सरकायचं. दुसऱ्या कोणाला चाललं असतं, आईला कसं चालणार? आडवा धागा नेणारा धोटा या हातातून सुटला की त्या हातात पोचलाच पाहिजे. "मधातच अडकून राहिला ना! असा माग कोणी चालवते का?" ती म्हणायची. म्हणून मी रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, सीताबर्डीतून वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते कॅबिनेटमध्ये मावेना, तेव्हा आतली पट्टी रितिकानं करवतीनं कापली. धोटा पळू लागला. आई दिवसभर नुसती विणत होती.

३. काकांचा कूलर त्यांना परत द्यावा, खस आणि पंपासह. गेल्या वर्षी मे महिन्यात मशीन तापतं म्हणून त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि तो कूलर समोर लावून दिला. गरम झालं की कूलर लावायचा, एवढंच आपल्याकडे माहीत. चार दिवस ओल्या हवेत राहून कार्ड गेलं, बोर्डावर गंज चढला. वर काकांचं म्हणणं, "मी तं भल्यासाठीच केलं ना! अन् बाईमाणसाले गेम काहून पायजे? लोकं हसतीन."

आई म्हणाली, "हसू दे. माग विकला तवा कोण रडलं होतं?"

मी सगळं पुन्हा घेतलं, कार्ड आधीपेक्षा मोठं घेतलं. काकांना मी माफ केलेलं नाही आणि ऑपरेशनच्या भीतीनं करणारही नाही.

४. माझी बँकेतली शिल्लक आईची. त्यातून रितिकानं आधी प्रोसेसर बदलावा. खेळातल्या बाजारात गर्दी झाली की धोटा अजून किंचित अडखळतो, तो त्यामुळेच. खेळाचं अपडेट कोणीही करू नये, मॉड बंद पडतील. हर्षितला खेळायचं असेल तर त्यानं आईला विचारून, ती मागावरून उठल्यावर खेळावं.

५. मी गेले तर सुतकात टीव्ही खुशाल बंद ठेवा, कॉम्प्युटर बंद ठेवायचा नाही. बसायला आलेल्यांना माग ऐकू आला तर येऊ द्या. घरात विणणारी बाई आहे.

६. हे सर्व आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अन् तू वापस आलीस तं?" मी म्हटलं, मग हा कागद फाडायचा. "म्हणजे कॉम्प्युटर पुन्हा तुह्या? ते नाही चालत. लिव्ह, वापस आली तरी माह्याच." शेजारचे वकील सुमंतकाका म्हणाले, "रंभाबाई, मृत्युपत्रात जिवंत माणसाचं नसते लिहीत." आई म्हणाली, "माही पोरगी जिवंतच आहे. लिव्ह वं."

लिहिलं. मी जिवंत परत आले तरी कॉम्प्युटर आईचाच राहील, आणि प्रोसेसर मी स्वतः बसवून देईन.

सही : सोनिका मार्तंड धकाते

आम्हा दोघांसमोर तिनं सही केली, तिच्यासमोर आम्ही केली :
१. ॲड. सुमंत पौनीकर
२. सिंधूताई निमजे, शेजारीण

नागपूर, गुरुवार, १५ मे २०२५