फाटकापासून दारापर्यंत

भिंगार, शुक्रवार संध्याकाळ, १९९६

पुढच्या खोलीतून भरलेला सिलिंडर चोरीला गेल्यापासून ह्यांनी घरच्या घरी कॅमेरा बसवायचं मनावर घेतलंय. कॅमेरा आणला, टीव्हीला जोडला. दुकानदाराने लेन्स मात्र दोन दिल्या, एक ठेवून दुसरी परत करायची. एकीत फक्त दारातला चेहरा दिसतो, पण मोठा. दुसरीत फाटकापर्यंतचं सगळं अंगण, पण माणसं बारकी. हे चेहऱ्यावरच अडलेले. पोलिसांना चेहरा नको का दाखवायला!

सासूबाई शिंगणापूरच्या. माहेरच्या घराला दारच नव्हतं, त्यामुळे इथेही कडी लावायचं त्यांच्या ध्यानात येत नाही. चोरी झाली तेव्हाही कडी उघडीच होती. ह्यांना सांगायला हवं होतं का?

आज चोर म्हणून मलाच दारात उभं केलं. पहिली लेन्स लावली. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं बया, किती वाळलीस!"

मग दुसरी लावली, मी फाटकात गेले.

"हीच ठेव बाबा," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "मानूस फाटकात दिसला की दारात येईस्तोवर चहा टाकता येतो."

"आई, हे चोरासाठी आहे!"

"मग? त्यो बी दमूनच येत आसंल की."

हे पुटपुटत राहिले, आणि चेहऱ्याची लेन्स परत द्यायला गेले. आठवडाभर माझं डोकं खाल्लं ते कशासाठी?

आत्ता टीव्हीवर फाटक उघडलं. हेच आलेत, एवढेसे दिसताहेत. सासूबाई लगबगीने आधण ठेवायला उठल्या. कडी उघडीच आहे, आणि मलाही ती उठून लावावीशी वाटत नाही.