झिऱ्याची जागा

आई, गेल्या रविवारी पोरीला घेऊन गावच्या नदीवर गेलो होतो. घरात तुझा एकच फोटो आहे आणि त्यात तू पदराआड अर्धी झाकलेली आहेस. तो बघून तिला काहीच कळत नाही. म्हणून वाटलं, तू करायचीस तसा झिरा तिला करून दाखवावा.

उन्हाळ्यात बंधाऱ्याखाली सीना कोरडी पडायची, आणि घाटाच्या शेवटच्या पायरीपाशी वाळूत बसून तू हातांनी खड्डा उकरायचीस. हात कोपरापर्यंत आत गेला की तळाला पाणी पाझरायचं. मी लगेच वाटी बुडवतो. तू हातावर चापटी मारतेस. "गढूळ हाय की अजून. पाणी पळून चाललंय व्हय?" पहिलं पाणी तू उपसून टाकतेस, दुसरंही टाकतेस, आणि मग आपण दोघं नुसते बसून राहतो. माझा जीव कधीच एका जागी थांबत नाही, आई. आजही शहरात सात रस्ता चौकातल्या माझ्या दुकानाला कुलूप लावलं की निम्म्या वाटेवरून परत येऊन ते ओढून बघतो. पण त्या खड्ड्याशेजारी, तुला टेकून, मी थांबायचो.

या वेळी घाट उतरलो तर शेवटच्या पायरीखाली काहीच नव्हतं. नदीची वाळू बंधाऱ्यामागं अडून राहते. पावसाळ्यात भिंतीवरून कोसळणारं पाणी खालची वाळू घेऊन जातं आणि तिच्या जागी नवी येत नाही. इतक्या वर्षांत तळ खडकापर्यंत खरवडून निघाला आहे. खाली उरलेल्या डबक्यात चुलते म्हशी धूत होते. पोरीच्या हातातली वाटी बघून म्हणाले, "झिरा उकरायला आलास व्हय? मग पहार आणायची की."

बाजूच्या दरडीवरून उतरून आम्ही खडकावर उभे राहिलो. ती पायरी आता माझ्या डोक्याच्या वर होती. पोरीनं विचारलं, "आजी कुठं बसायची?" मी पायरीच्या पातळीत, मोकळ्या हवेत बोट दाखवलं.

"तिथं कोण कसं बसेल?"

"तिथं नदी होती," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. ती म्हशी बघायला पळाली.

ती गेल्यावर मी टाचा उचलून हात वर केला. वाळू जिथवर होती तिथं माझी बोटं जेमतेम पोचली. मी तसाच उभा राहिलो, बराच वेळ. चुलत्यांनी हाक मारली, "काय धरतोयस रं?"

म्हटलं, पायरी किती उंच गेली ते मापतोय.