बूलचा जळालेला कारखाना

नागोया, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना सुप्रभाचा वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. थंडी खूप आहे, पण तुमची शाल रोज घेते. तुमचा भाजलेला हात बरा झाला का? आई फोनवर नीट सांगत नाही.

प्रयोगशाळेत एक जुनं फ्रेंच कपाट तपासायला आलंय. लाकडावर पितळेची आणि कासवाच्या पाठीची नक्षी आहे. ही कला गाजवली ती बूल नावाच्या कारागिरानं. तो पॅरिसला राजाकडे कामाला होता. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्याचा कारखाना जळाला. लाकूड, नमुने, जन्मभर जमवलेली चित्रं, बहुतेक सगळं गेलं.

आमचे प्रमुख मोरिता-सान हे सांगत होते आणि मला रडू फुटलं. म्हटलं, "माझ्या बाबांचा लाकूडकामाचा कारखानाही गेल्या महिन्यात असाच जळाला."

ते म्हणाले, "मग तुम्ही अजून इथे कशा?"

दुपारी तिकीट काढलं.

उरलेली हत्यारं तुम्ही देऊन टाकताय, असं आई म्हणाली. देऊ नका, बाबा. बूल त्या आगीनंतर बारा वर्षं जगला.

मी एक तारखेला पोचते. मला रंधा धरायला शिकवा. लहानपणी तुम्ही शिकवायला बसवलंत, तेव्हा मी उठून गेले होते.

तुमची,
सुप्रभा