बाथ माझं ऐकतो

३ मार्च, सकाळ
पंपाच्या स्लीव्ह आल्या, दांड्यावर बसणाऱ्या नळ्या. त्यांवर निकेल चढवायचं, सिलिकॉन कार्बाइडची पूड मिसळून, म्हणजे वाळूच्या पाण्यातही झिजणार नाहीत. वीज लागत नाही, नुसता टाकीतला निकेलच्या द्रावणाचा गरम बाथ. शुक्रवारी गिऱ्हाइकाचे भिंगवाले साहेब तपासायला येणार. कारखाना ताईचा. म्हणाली, माल नापास झाला तर प्लेटिंग बंद आणि तू डिस्पॅचला, खोकी बांधायला. सख्ख्या भावाला! हसलो.

४ मार्च
ताईने बजावलं: पूड बेताने घाल, आधी एका तुकड्यावर बघ, ढवळणी थांबवू नकोस. पूड तळाशी बसली की निकेल तिच्यावरच चढतं आणि अख्खा बाथ वाया जातो. मान डोलावली. ट्रायल घेतात ते नवशिके. उद्यापासून लवकर यायचं.

५ मार्च
उशीर झाला. गजराने दगा दिला (लावला नव्हता). पुडीची अख्खी पिशवी ओतली, चिक्कूपणा आपल्याला जमत नाही. ढवळणीची मोटर डोक्यात घण घालते.

६ मार्च, सकाळ
मोटर बंद. घरून लोखंडी उलथनं आणलं, त्याने ढवळतोय. हाताला बाथचं मन कळतं. बायकोचा फोन, उलथनं कुठाय? म्हटलं, रिसर्चला.

दुपार
स्लीव्ह सोडल्या आणि जेवायला गेलो. जरा डोळा लागला. आलो तर बाथ फसफसतोय. चांगली खूण. कामाला लागलाय!

थोड्या वेळाने
बाथ काळा पडलाय. हीटर बंद केला. ताईला सांगायचं? उद्या सांगू. रात्रीत निवळेल.

७ मार्च
निवळला नाही. टाकीच्या भिंतींना निकेल, हीटरला निकेल, तळाशी निकेलचा गाळ. स्लीव्हवर नुसत्या पुटकुळ्या, नखाने निघणाऱ्या. भिंगवाल्यांनी एकेक स्लीव्ह बघून बाजूला ठेवली. शेवटी कट्ट्यावरचं, निकेल चढलेलं उलथनं उचललं, भिंगाखाली बराच वेळ धरलं. म्हणाले, हे मात्र पास. ताईने चिकटपट्टीचं रीळ माझ्या हातात ठेवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१० मार्च, डिस्पॅच
इथे सुधारणेला भरपूर वाव आहे. चिकटपट्टी खोक्याला सोडून मला चिकटते. उलथनं घरी परत दिलं. बायको म्हणाली, तव्याला चरे पडतायत. म्हटलं, बघ, काय कडक थर बसलाय! ती म्हणाली, मग हाच स्लीव्हवर का नाही बसवलास?