डाव्या खणातली अंडी

रोहिणखेड, २ फेब्रुवारी २०२५

ती. अनुपमाताईस, छायाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवरचं नोंदीत धरत नाही असं तू बजावलंस, म्हणून पत्र. काल आमच्या संत्र्याच्या बागेत, ठिबकच्या नळीखाली, माझ्या गोगलगायींनी अंडी घातली. साबुदाण्याएवढी, पिवळसर, एकशे बारा. जुलैत अश्विनीने एकाच गोगलगायीची पिल्लं आपणा दोघींना वाटून दिली. ओली जागा मला, कोरडी तुला. पाणी मिळालं तर त्या लवकर वयात येतात, नाही तर शंखाचं तोंड बंद करून झोपतात, असं माझ्या या लेकीच्या प्रबंधाचं म्हणणं. तू म्हणालीस, एका आईची लेकरं एकाच वयात अंडी घालणार. ताई, आपणही एकाच आईच्या. तू विसाव्या वर्षी बी.एस्सी. झालीस, मी चाळिशीत सायकल शिकले. पाडव्यापर्यंत तुझ्याकडे अंडी दिसली नाहीत, तर पैजेचं जेवण, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, तुझ्या अंगणात.

भाऊजींना नमस्कार. रागावतेस तशीच रागावत राहा.

तुझी छाया

उंद्री, २० मार्च २०२५

चि. छायास अनेक आशीर्वाद.

वांगी तू आण. आज सकाळी पिंजऱ्याच्या डाव्या खणात एकोणनव्वद अंडी मोजली, दोनदा. मोजून मिठाच्या पाण्यात टाकली. शेजारच्यांच्या सोयाबीनवर मला नवी फौज सोडायची नाही. मधल्या पत्र्यापलीकडे, उजव्या खणातल्या, अजून पांढरी झाकणं लावून झोपल्या आहेत. वर्गात अशा आळशी मुली असायच्याच, त्याही उठतील. कोबीच्या पानांखेरीज मी काही दिलेलं नाही, पाण्याचा थेंब नाही. अश्विनीला स्पष्ट कळव. यांना बातमी सांगितली तर नुसते हसले आणि आंघोळीला गेले.

तब्येत सांभाळ, आणि हरल्यावर रुसू नकोस.

अनुपमा

रोहिणखेड, २२ मार्च २०२५

ती. ताईस शि. सा. न.

वांगी आणीन, रोडगेही थापीन. पण अश्विनी कालपासून धड जेवली नाही. कोरड्यातही अंडी आली म्हणजे तिच्या चार वर्षांच्या कामाचा पायाच गेला, आणि पाच एप्रिलला ते सरांपुढे मांडायचं आहे. तुझ्या नोंदीवर ती शंका घेत नाही. मावशी चुकणार नाही, मीच चुकले असेन, म्हणते. तेच मला सोसवत नाही. एकदा पुन्हा बघशील?

माया आहेच, ती असू दे.

छाया

उंद्री, २६ मार्च २०२५

चि. छायास आशीर्वाद.

पत्र मिळताच डाव्या खणातली माती चिमटीत धरली. ओली. उजवीकडे नुसता फुफाटा. काल सकाळी तुळशीआड उभी राहिले. हे आंघोळ करून आले आणि हातातला तांब्या डाव्या खणात अलगद रिकामा केला. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं, त्या दिवसापासून रोज हेच. उजवीकडे का नाही, विचारलं, तर तिकडे वाकावं लागतं आणि गुडघा ऐकत नाही, म्हणाले. मी बरंच बोलले. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, “छायाचं पत्र वाचून तू तोंड पाडून बसली होती. तू हरलेली मले पाहवत नाही.”

हे कोणाला सांगू नकोस.

आता अश्विनीचं. आई एक, पिंजरा एक, ऊन एक, कोबी एक. मध्ये फक्त पत्रा. तांब्याभर पाणी मिळालं त्या बाजूला अंडी, नाही मिळालं तिकडे झोप. तुझ्या बागेची माती वेगळी, सावली वेगळी, असं सर म्हणू शकले असते. आता नाही म्हणता येणार. तारखा आणि तांब्याचं माप सोबत आहे, खाली यांची, पंजाबरावांची, सही. रात्री तिचा फोन आला, हसणं थांबेना. फोन मी नोंदीत धरत नाही, हा धरला. यांनी, म्हणजे तिच्या काकाजींनी, जूनपर्यंत पाणी घालणं सुरूच ठेवावं, असं तिने सांगितलंय. आज सकाळीच यांनी मापाचा पेला मागितला आणि नोंदीखाली माझी सही घेतली, आता रोज घेणार म्हणतात.

पैज मी हरले. पाडव्याला सगळे या. रोडगे मी थापते, गोवऱ्या हे पेटवतील. उजव्या खणाजवळून पाय न वाजवता जा, मंडळी झोपली आहेत.

तुझ्यावरचा लोभ मी कधी मोजलेला नाही.

अनुपमा